बोर्डापुढे दादा "मी बरा आहे" म्हणतो तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे याच वाटेवरच्या इतरांनाही उत्तर नीट लागेल. मोठा भाऊ 36 वर्षांचा, स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या 12 वर्षं चालू. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी गेल्या वर्षी तुम्ही त्यांना जिल्ह्याच्या बोर्डापुढे, म्हणजे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढे नेलं. डॉक्टरांनी "काय करता?" विचारलं, दादा म्हणाले "शेती बघतो", पाच मिनिटांत बाहेर आलात आणि कागदावर दिव्यांगत्व 30 टक्के आलं. आता पुन्हा अर्ज केलाय, तारीख तीन आठवड्यांवर आहे. ओळखीतल्या एकाने सांगितलं की आठवडाभर गोळ्या बंद ठेवा, म्हणजे डॉक्टरांना आजार दिसेल. आई म्हणते, खोटं काही करायचं नाही.

आईचं बरोबर आहे. आणि खरं सांगूनही गेल्या खेपेला कमी टक्के का आले, याचं उत्तरही त्या "शेती बघतो"मध्येच आहे. मी 19 वर्षं मनोविकार विभागात समाजसेविका म्हणून काम करते आहे. बोर्डाच्या दिवशी टेबलाच्या त्या बाजूला बसून शेकडो घरांना हे असंच अडखळताना पाहिलंय.

सगळ्यात आधी गोळ्यांचं. एक दिवससुद्धा बंद करू नका. हा सल्ला रुग्णालयाच्या आवारात सर्रास फिरतो आणि फार महागात पडतो. दादा क्लोझापिन या औषधावर असतील तर सलग 48 तासांहून जास्त खंड पडल्यावर ती गोळी पूर्वीच्या डोसवर परत सुरू करता येत नाही, अगदी थोड्या मात्रेपासून पुन्हा चढवत न्यावी लागते. बायपोलर आजारात, म्हणजे मन कधी उन्मादात तर कधी उदासीत जातं त्या आजारात, लिथियम हे औषध अचानक तोडलं तर उन्माद उसळू शकतो. एका मुलाला घरच्यांनी दहा दिवस गोळ्या बंद करून आणलं होतं. तो बोर्डाच्या रांगेतूनच वॉर्डात भरती झाला, प्रमाणपत्र तर राहूनच गेलं, आणि जी नोकरी तो अर्धवेळ का होईना टिकवून होता तीही गेली. शिवाय तपासायचं असतं ते उपचार चालू असूनही माणसाला रोजच्या जगण्यात काय जमत नाही हे. गोळ्या घेऊनही जे उरलंय, तेच दादांचं अपंगत्व आहे, आणि ते सांगायला त्यांना आजारी पाडावं लागत नाही.

आता बोर्ड मोजतं काय. मानसिक आजाराचं दिव्यांगत्व आपल्याकडे 'आयडियाज' नावाच्या मोजपट्टीने ठरवतात. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने ती बनवली आणि केंद्र सरकारने राजपत्रातून लागू केली. तिच्यात आजाराच्या नावाला गुण नाहीत, कानात आवाज किती येतात यालाही नाहीत. चार गोष्टी पाहतात: स्वतःची काळजी घेणं, माणसांशी वागणं, बोलणं आणि समजणं, आणि काम. प्रत्येकीला 0 ते 4 गुण. 0 म्हणजे काही अडचण नाही, 4 म्हणजे ते जमतच नाही. त्यात आजार किती वर्षांचा आहे याचे गुण मिळवतात आणि एकूण 20 पैकी गुणांवरून टक्के निघतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातले बहुतेक लाभ 40 टक्क्यांपासून सुरू होतात. त्या रेषेच्या अलीकडे राहायचं की पलीकडे जायचं, हे कित्येकदा एका गुणावर ठरतं.

"शेती बघतो" हे उत्तर या पट्टीवर ठेवून पाहा. डॉक्टरांसमोर दाढी केलेला, धुतलेला शर्ट घातलेला, प्रश्नाला सरळ उत्तर देणारा माणूस बसलाय आणि तो शेतकरी आहे. चारपैकी तीन रकान्यांत शून्य किंवा एक पडणार. दादा खोटं बोलले नाहीत. ते रोज शेतात जातात, हे खरंच आहे. पण पाणी कधी सोडायचं हे कोण ठरवतं? मोटर बंद करायची आठवण कोण करतं? खताच्या दुकानात पैसे देऊन त्यांना एकट्याला पाठवता का? मजुरांशी कोण बोलतं, माल कोण विकतं? फवारणीचं औषध त्यांच्या हाती देता का, की कुलपात ठेवता? माझा अंदाज असा की दादा दहाला जातात, बांधावर किंवा विहिरीपाशी बसतात, एकला तुमच्यापैकी कोणीतरी जेवायला बोलावून आणतं. तसं असेल तर बोर्डाला सांगायचं काम ते आहे.

आणि ती दाढी, तो शर्ट? हे मला जरा थांबून सांगायचंय, कारण माझ्या मते सगळी गफलत इथे होते. आपल्याकडची घरं आजारी माणसाला इतकं सांभाळून घेतात की त्याचं न जमणं बाहेरच्याला दिसतच नाही. आई पाणी काढून देते, कपडे खुंटीला लावते, "आता अंघोळीला जा" असं चार वेळा म्हणते, ताट समोर ठेवते, गोळी हातावर ठेवून ती गिळेपर्यंत उभी राहते. बारा वर्षांत या गोष्टींची तिला इतकी सवय झालेली असते की "दादा स्वतःचं स्वतः करतात का?" असं विचारलं की ती म्हणते, "हो, करतो की." एका आईने मुलाचा शर्ट बोर्डासाठी पहाटे उठून इस्त्री केला होता. डॉक्टरांनी तो पाहिला आणि 'स्वतःची काळजी' या रकान्यात शून्य लिहिलं. त्या माउलीच्या कष्टांचे गुण मुलाच्या नावावर जमा झाले. शर्ट इस्त्री करू नका असं मी कधीच म्हणणार नाही. माणसाला नीटनेटकं, मानाने न्यावं. फक्त तो शर्ट कोणी इस्त्री केला, हे बोलायचं.

म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारा: आम्ही मदत काढून घेतली तर काय होतं? प्रयोग म्हणून मदत काढू नका, आठवून पाहा. आई मागे कधी आठ दिवस माहेरी किंवा दवाखान्यात राहिली असेल. तेव्हा दादांनी अंघोळ किती दिवस केली नाही, गोळ्या किती चुकल्या, काय खाल्लं, रात्री दार लावलं का, शेजाऱ्यांनी काय कळवलं? तो आठवडा तुमचं सगळ्यात मोलाचं उत्तर आहे. तारखेसकट लिहून ठेवा.

आजपासून एक वही सुरू करा. दोनशे पानी नको, साधी. रोज रात्री पाच-सहा ओळी पुरे, पण त्या कशा लिहिता याला महत्त्व आहे. "दादा आज नीट नव्हता" याचा बोर्डाला काही उपयोग नाही. "उठायला अकरा. दात घासायला तीन वेळा सांगितलं, घासले नाहीत. अंघोळीचा आज चौथा दिवस" याचा आहे. "कोणाशी बोलत नाही" याऐवजी लिहा, "चुलत बहिणीचं लग्न घरच्या अंगणात होतं, दादा माळ्यावर बसून राहिले, ताट वर नेऊन दिलं." "पैशाचं कळत नाही" याऐवजी, "किराण्याला 200 रुपये देऊन पाठवलं, अर्ध्या तासाने रिकाम्या हाताने आले, पैसे कुठे गेले ते सांगता आलं नाही." किती वेळा सांगावं लागलं हा आकडा नेहमी लिहा. त्यावरूनच कळतं की काम माणूस करतो की त्याच्याकडून करवून घेतलं जातं.

चांगले दिवस लपवू नका. एखाद्या दिवशी दादा स्वतःहून उठले, गुरांना चारा टाकला, भाच्याशी हसले, तर तेही लिहा, आणि असे दिवस महिन्यात किती, तेही. ज्या वहीत एकही चांगला दिवस नाही तिच्यावर अनुभवी डॉक्टर विश्वास ठेवत नाही. तारखेला जाताना मात्र पूर्ण वही पुढे करायची नाही. कोणाला वाचायला वेळ नसतो. तिच्यातून एका पानावर चार मथळे करा, तेच चार, आणि प्रत्येकाखाली तीन-चार उदाहरणं तारखेसह. वही पिशवीत राहू द्या.

कागदांचं सांगते. आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो, दिव्यांग प्रमाणपत्राच्या स्वावलंबन पोर्टलवरच्या अर्जाची प्रिंट, गेल्या वेळचं प्रमाणपत्र, हे तुम्हाला ठाऊक असेलच. लोक विसरतात ते सर्वांत जुने कागद. आजाराच्या कालावधीला गुण आहेत हे वर सांगितलं: 2 ते 5 वर्षं असतील तर 2, 6 ते 10 असतील तर 3, दहाहून जास्त असतील तर 4. तुमच्या म्हणण्याप्रमाणे आजार 12 वर्षांचा आहे. पण सध्याच्या डॉक्टरांकडची फाइल सात वर्षांपूर्वी सुरू झाली असेल आणि तेवढीच घेऊन गेलात, तर कागदावर आजार सात वर्षांचाच. बारा वर्षांपूर्वीची ती पहिली चिठ्ठी, पहिल्या भरतीचं डिस्चार्ज कार्ड, त्या वेळच्या मेडिकलची बिलं, काहीही शोधा. पत्र्याच्या पेटीत, देव्हाऱ्याखाली, शेतीच्या कागदांच्या पिशवीत बघा. सापडलं नाही तर पहिल्या रुग्णालयात लेखी अर्ज करून नोंदींची प्रत मागा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 25 नुसार स्वतःच्या उपचारांच्या मूलभूत नोंदी मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. अर्जावर सही दादांची घ्या.

नेहमीच्या डॉक्टरांकडून एक पत्र घ्या. "रुग्ण माझ्याकडे उपचार घेत आहे" एवढ्याने भागत नाही. त्यांना तुमचं ते एक पान दाखवा आणि विनंती करा की निदान, आजार कधीपासून, किती वेळा उलटला, किती वेळा भरती, सध्याची औषधं, आणि औषधं नियमित असूनही कुठल्या कामांत मदत लागते, एवढं लिहावं. औषधांनी येणारी दिवसाची गुंगी, हाताचा कंप, हेही त्यात यावं. कामात त्यानेही अडतं. बहुतेक डॉक्टर लिहून देतात, फक्त ओपीडीच्या गर्दीत सुचत नाही. म्हणून कमी गर्दीची वेळ विचारून जा.

आता दादांचं. त्यांच्या पाठीमागे हे सगळं चाललंय की त्यांना माहीत आहे? गेल्या खेपेला त्यांना "चल, तपासणी आहे" एवढंच सांगून नेलं असेल, तर "शेती बघतो" हे उत्तर मला अगदी समजतं. अनोळखी पाच माणसांपुढे कोणाही 36 वर्षांच्या पुरुषाने तेच उत्तर दिलं असतं. स्किझोफ्रेनियात पुष्कळांना आपण आजारी आहोत हेच पटत नाही. तो हट्ट नसतो, आजाराचाच भाग असतो. त्यामुळे "तुला वेड लागलंय म्हणून कागद हवाय" या दिशेने बोलणं जाऊच देऊ नका. दादांना ज्याचा त्रास होतो ते धरून बोला. झोप लागत नाही, थकवा येतो, गर्दीत नको वाटतं, मित्र राहिले नाहीत, यातलं काहीतरी ते स्वतः कबूल करत असतील. त्यांना म्हणा, "दादा, तुला एवढ्या गोष्टी जड जातात, सरकारकडून त्यासाठी मदत मिळते. तिथे मी काही गोष्टी सांगेन. त्यातलं चुकीचं वाटलं तर तू सांग." वही त्यांना वाचून दाखवा. काही ओळी ते खोडायला लावतील, काही वेळा तुम्हाला माहीत नसलेलं एखादं कारण सांगतील. एका बाईंचा नवरा अंघोळ करत नव्हता तो आळसाने नाही, न्हाणीघरातल्या पाण्याच्या आवाजात त्याला शिव्या ऐकू येत म्हणून. पाच वर्षांत हे घरात कोणी विचारलंच नव्हतं.

त्यांना काय बोलायचं ते पढवू नका. पढवलेलं लगेच कळतं, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे त्यांना आयुष्यभर लक्षात राहतं की आपल्याच बहिणीने आपल्याला वेड्याचं सोंग घ्यायला लावलं.

तारखेच्या दिवशी सकाळची गोळी आणि नाश्ता नेहमीप्रमाणे. बोर्डाचा वार ठरलेला असतो, सगळ्या प्रकारच्या दिव्यांगांची त्याच दिवशी गर्दी असते, बसायला जागा मिळेलच असं नाही. डबा, पाणी, दुपारची गोळी बरोबर ठेवा. दोघं जण जा, म्हणजे एकाने रांगेत थांबायचं आणि दुसऱ्याने दादांना बाहेर झाडाखाली घेऊन बसायचं. गर्दीत त्यांना आवाज वाढत असतील तर खिडकीवर आधीच सांगा. बरोबर जाणारी व्यक्ती रोज घरात असणारी हवी. भाऊजी शिकलेले आहेत, चांगलं बोलतात म्हणून त्यांना पाठवलंत आणि "रात्री झोपतात का?" याला त्यांनी तुमच्याकडे फोन लावला, असं नको. आई बोलायला घाबरत असेल तरी तिला न्या.

आत गेल्यावर डॉक्टर आधी दादांशी बोलतील. बोलू द्या, मध्ये तोडू नका. ते "मी बरा आहे" म्हणाले तर त्यांच्यासमोर "खोटं बोलतोय" असं म्हणू नका. त्यांचं झालं की शांतपणे सांगा, "डॉक्टर, घरी काय होतं ते मला दोन मिनिटं सांगायचंय," आणि ते पान पुढे ठेवा. दादांसमोर बोलणं जड जाईल अशी एखादी गोष्ट असेल, उदाहरणार्थ त्यांनी जिवाचं काही करून घेण्याचा प्रयत्न केला असेल, तर वेगळं बोलायची विनंती करा. आयडियाजमध्ये घरच्या माणसाची माहिती घेणं अपेक्षितच आहे, तुम्ही उपकार मागत नाही. काही ठिकाणी मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यंकाची चाचणीही करतात. घाबरू नका, पण प्रमाणपत्रावर प्रकार 'मानसिक आजार' असाच लागलाय ना, हे बाहेर पडण्याआधी बघा. 'बौद्धिक दिव्यांगत्व' वेगळं. निरामय आरोग्य विम्यासारख्या, केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाच्या योजना बौद्धिक दिव्यांगत्वासारख्या प्रकारांसाठी आहेत, मानसिक आजारासाठी नाहीत. चुकीचा प्रकार लागला की पुढे प्रत्येक खिडकीवर अडतं.

ज्यांच्या घरी आजारी व्यक्ती बाई आहे त्यांच्यासाठी इथेच एक गोष्ट. 'काम' म्हणजे फक्त पगाराचं काम नाही. गृहिणीसाठी घरकाम आणि विद्यार्थ्यासाठी अभ्यास याच रकान्यात मोजतात. "ती काही करत नाही, घरीच असते" असं सांगणारे नवरे मी फार पाहिलेत, आणि मग तो रकाना कोणी विचारतच नाही. गॅस चालू राहतो का, भाजीत दोनदा मीठ पडतं का, मूल शाळेतून आल्यावर त्याला खायला कोण देतं, हे सांगा.

टक्के 40 किंवा वर आले तर लाभांचं बोलू. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे आणि ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम महिना 1500 वरून 2500 रुपये झाली. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो विसरल्याने बंद पडलेली कितीतरी अनुदानं मी पाहिलीत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, पंचायतीला लेखी विचारा. घरात कोणी प्राप्तिकर भरत असेल आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तर आश्रित दिव्यांगासाठीची 75,000 रुपयांची वजावट (1961 च्या कायद्यात कलम 80 डीडी) मिळते. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त असतील तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्यासाठी दादांचं नाव पेन्शनच्या कागदांत वडील हयात असतानाच नोंदवून घ्या. नंतर हे करताना बहिणींची अक्षरशः वर्षं जातात.

प्रमाणपत्र घेतलं तर जमिनीचा हक्क जाईल, सही चालणार नाही, अशी भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण आईच्या मनात ती असण्याची शक्यता आहे. तसं नाही. मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस कायद्याने अक्षम ठरत नाही, ते फक्त न्यायालय ठरवू शकतं. सातबाऱ्यावरचं नाव तसंच राहतं. मानसिक आजाराचं प्रमाणपत्र पुष्कळदा ठराविक मुदतीचं मिळतं. मुदत संपण्याच्या चार महिने आधीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तोवर वही अधूनमधून चालू ठेवा.

पुन्हा 40 च्या खाली आले तर? चारही रकान्यांत किती गुण दिले ते लेखी मागा. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 नुसार प्रमाणपत्राविरुद्ध अपील करता येतं. अपिलात भावना लिहू नका. ज्या रकान्यात गुण कमी पडले तेवढाच धरा, त्यातली उदाहरणं आणि डॉक्टरांचं पत्र जोडा.

त्या दिवशी परतताना एसटीत टक्क्यांची चर्चा करू नका. आपल्या न जमण्याची यादी दादांनी चारचौघांत ऐकलेली असेल, ते गप्प होतील किंवा चिडतील. त्यांना आवडतं ते खायला घाला, दोन दिवस शेतात नाही गेले तरी चालेल. पण सलग तीन रात्री झोप उडाली, स्वतःशी बोलणं वाढलं, जेवण सुटलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि तो तुमच्यासाठी आणि आईसाठीही आहे.